रात्रीचा अर्धा मिलिग्रॅम

जून २०२२ मधल्या त्या दुपारी टॅक्रोलिमसची, म्हणजे बदललेलं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची, रक्तातली लेव्हल ११.४ आलेली पाहून मला चक्क बरं वाटलं. रुग्णाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात चढणारा आकडा, १.१ वरून १.८ वर गेलं होतं आणि कारण हाती लागत नव्हतं. आता लागलं. औषध जास्त झालंय, किडनीला सोसत नाहीये, डोस उतरवू, झालं. पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राला फोन लावायला मोबाइल उचलला आणि समोर बसलेल्या गुरुजींना सहज विचारलं, "परवा रक्त दिलं त्या दिवशी सकाळची गोळी किती वाजता घेतली होती?"

"आठला. आठ म्हणजे आठ. त्यात कधी फरक नाही."

"आणि रक्त किती वाजता दिलं?"

"इथं परभणीत उतरल्यावर. साडेअकरा झाले असतील."

मी मोबाइल खाली ठेवला.

टॅक्रोलिमसची लेव्हल मोजायची ती पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी, औषध रक्तात सगळ्यात कमी असतं तेव्हा. गोळी घेऊन तीन-साडेतीन तासांनी काढलेल्या रक्ताचा आकडा म्हणजे भरतीच्या वेळी मोजलेलं पाणी. गुरुजींचं गाव जिंतूर तालुक्यात, आडवळणाला. तिथून निघून एसटीने परभणी गाठायची तर रक्त अकराच्या आत निघतच नाही. आणि ज्या माणसाला पुण्यात बजावून सांगितलंय की आठची गोळी चुकवायची नाही, तो ती घेऊनच घराबाहेर पडणार. चूक त्यांची नव्हतीच. 'गोळी सोबत आणा, सुई टोचून झाली की घ्या' हे वाक्य मी सांगायला हवं होतं. चार दिवसांनी तसं करून पुन्हा तपासलं, लेव्हल ६.८ आली.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घरात हेपॅटायटिस बी जुना. आईला होता, थोरल्या भावाला होता, म्हणजे बहुधा जन्मापासूनच अंगात. कळलं मात्र पंचावन्नाव्या वर्षी, रक्ताची उलटी होऊन पोटात पाणी झालं तेव्हा. तोवर यकृत पूर्ण आक्रसलेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्यात प्रत्यारोपण झालं. थोरला मुलगा यकृत द्यायला पुढे आला तर त्याचीच बी ची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. धाकट्याला लस मिळालेली होती, त्याने उजवा भाग दिला. थोरल्याची सहामाही तपासणी आता माझ्याकडेच चालते, पण ते प्रकरण वेगळं.

नवं यकृत बसलं तरी बी चा विषाणू अंगातून जात नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर काही काळ इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं देतात, सोबत विषाणूवरची गोळी सुरू होते आणि ती जन्मभर चालते. हे संरक्षण नव्हतं त्या काळात बहुतेक रुग्णांच्या नव्या यकृतात विषाणू परतायचा. म्हणजे गुरुजींकडे दोन जातींच्या गोळ्या होत्या. एक जात शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवरणारी: टॅक्रोलिमस सकाळी २ मिलिग्रॅम, रात्री २, मायकोफेनोलेट ५०० दोन वेळा. दुसरी जात विषाणूला आवरणारी: एन्टेकॅविर अर्धा मिलिग्रॅम, उपाशीपोटी. शिवाय बीपीची एक. काकूंनी या सगळ्यासाठी घरातला मसाल्याचा जुना डबा काढला होता. वाट्यांमध्ये हळद-मोहरीच्या जागी पट्ट्या कापून ठेवलेल्या, वाटीनुसार वेळ. या प्रकरणात हा डबा पुढे येणार आहे.

रुग्ण आणि नातेवाईक पहिल्या जातीला 'रिजेक्शनच्या गोळ्या' म्हणतात (रिजेक्शन म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारणं), दुसरीला नुसतं 'काविळीची गोळी'. गोळ्या कमी करण्याचा विषय निघाला की मी आता पहिलं वाक्य हेच बोलतो: काविळीची गोळी यात नाही. कारण 'कमी करू या' एवढंच ऐकून भलतीच गोळी बंद करून आलेला माणूस मी पाहिलेला आहे.

आता किडनी. आकडा खोटा निघाला तरी क्रिएटिनिन खोटं नव्हतं. खोदून विचारल्यावर गोष्ट मे महिन्यात गेली. बहिणीच्या नातवाचं लग्न, बेचाळीस अंशांचं ऊन, मांडवातलं जेवण, आणि दुसऱ्या दिवसापासून जुलाब. तीन दिवस. गावातल्या डॉक्टरांनी एक सलाईन लावलं आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस. त्यांना प्रत्यारोपणाची कल्पना नव्हती. पोटावरची एवढी मोठी खूण सदऱ्याखाली.

जुलाबात औषध वाहून जातं, म्हणून लेव्हल घसरत असेल असं सगळ्यांना वाटतं. टॅक्रोलिमसच्या बाबतीत उलटं घडतं. आतड्याच्या अस्तरात हे औषध मोडणारी आणि बाहेर ढकलणारी यंत्रणा असते. जुलाबात ती जायबंदी होते आणि औषध नेहमीपेक्षा जास्त रक्तात उतरतं. म्हणजे एकाच आठवड्यात किडनीवर तीन घाव: पाणी आटलेलं, त्यात डायक्लोफेनॅक, त्यात चढलेलं टॅक्रोलिमस. हे औषध किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आकसवतं. तात्पुरतं असेल तर उलटतं. वर्षानुवर्षं चाललं की व्रण पडतात, ते भरत नाहीत.

मग १.८ मधला किती भाग लग्नाचा आणि किती साडेचार वर्षांच्या गोळ्यांचा? सहा आठवडे थांबलो, पाणी भरपूर, दुखण्याची इंजेक्शनं बंद. क्रिएटिनिन १.६ वर येऊन अडलं. राहिलेला भाग गोळ्यांचा असावा असा माझा अंदाज. त्यातच ऑगस्टमध्ये पाठीवर नागीण उठली. घरच्यांनी आधी काव लावली. दोन तोंडं जुळली तर माणूस जातो ही भीती, म्हणून रोज कुणीतरी अंतर मोजत होतं. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा अर्धी बरगडी व्यापली होती. गोळ्यांनी नागीण आटोक्यात आली, दुखणं दोन महिने राहिलं. दाबलेल्या प्रतिकारशक्तीची ही पावती. हाताला टॅक्रोलिमसची थरथर तर आधीपासूनच होती. "बँकेत सही जुळंना गेलीय," काकू म्हणाल्या. "फळ्यावर मोत्यासारखं लिहिणारा माणूस, अन् आता बगा."

पुण्याच्या डॉक्टरांशी सविस्तर बोललो. कमी करायला अनुकूल असं बरंच होतं. पाच वर्षं होत आली होती, एकदाही रिजेक्शन नाही. मूळ आजार विषाणूचा, शरीरानेच यकृतावर हल्ला करण्याचा ऑटोइम्यून प्रकार नाही. त्या प्रकारात गोळ्या उतरवताना हात आखडावाच लागतो. बी चं पृष्ठभागावरचं प्रतिजन निगेटिव्ह, विषाणूचा डीएनए सापडत नाही, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की चढणारा आकडा) ३१, सोनोग्राफीत पित्तनलिका नीट. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत लेव्हल साधारण ६ ते १० ठेवतात, वर्षानंतर ४ ते ६ च्या आसपास चालतं. गुरुजी ६.८ वर होते, म्हणजे त्यांना गरजेपेक्षा जास्त औषध जात होतं. कुणी लक्षच दिलं नव्हतं, त्यात मीही आलो.

हेपॅटायटिसच्या रुग्णात एक शंका हमखास येते, मलाही आली होती: प्रतिकारशक्ती मोकळी सोडली तर विषाणू उसळणार तर नाही? खरं तर विषाणूला दाबलेलीच प्रतिकारशक्ती सोयीची. विशेषतः स्टेरॉइड, बी च्या विषाणूच्या जनुकसाखळीत स्टेरॉइडने चेतवला जाणारा तुकडाच आहे. धोका आडवळणाने येतो. डोस फार उतरला, रिजेक्शन झालं, ते आवरायला स्टेरॉइडचे मोठे डोस द्यावे लागले, आणि त्याच वेळी विषाणूवरची गोळी ढिली असली, तर मग कठीण. म्हणून रिजेक्शनच्या गोळीला हात लावण्याआधी काविळीची गोळी पक्की करायची.

आणि तिथेच अडचण होती. क्रिएटिनिन १.८ असताना किडनीचा रक्त गाळण्याचा वेग चाळिशीत होता. एन्टेकॅविर किडनीवाटे बाहेर पडतं. वेग पन्नासच्या खाली गेला की डोस अर्धा करावा लागतो, व्यवहारात एक दिवसाआड. एक दिवसाआडची गोळी मला आवडत नाही. काल घेतली की परवा, यावर घरात वाद होतो आणि शेवटी राहून जाते. पुण्याने टेनोफोविर अॅलाफेनामाइडवर बदललं, २५ मिलिग्रॅम, रोज एक, जेवणानंतर. किडनीला जुन्या टेनोफोविरपेक्षा सौम्य, आणि या वेगाला डोस बदलावा लागत नाही. फक्त काकूंच्या डब्यात वाटी बदलली: उपाशीपोटीची गोळी जेवणानंतरच्या वाटीत गेली.

हेपॅटायटिस सी असता तर हिशोब निराळा झाला असता. सी वर खात्रीची औषधं नव्हती तेव्हा तो नव्या यकृतात परतायचाच आणि पुन्हा सिरॉसिस करायचा, म्हणजे यकृत आक्रसवायचा. म्हणून त्या रुग्णांत प्रतिकारशक्ती कमीत कमी दाबावी, जमल्यास सोडूनच द्यावी, असे प्रयत्न झाले. रोममधल्या एका गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सी असलेल्या ३४ रुग्णांचं सायक्लोस्पोरिन, हेही टॅक्रोलिमसच्याच जातीचं औषध, हळूहळू उतरवलं होतं. ८ जणांना ते पूर्ण बंद करता आलं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सी वरच्या सोफोसबुविरला मंजुरी मिळाली, काही वर्षांत आपल्याकडे स्वस्तात आलं, आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा सी कायमचा जाऊ लागला. त्यातही एक गंमत आहे: विषाणू गेला की यकृत तरतरीत होतं, टॅक्रोलिमस भराभर मोडू लागतं आणि डोस तोच असून लेव्हल आपोआप घसरते. तिथे कधीकधी डोस वाढवावा लागतो.

गुरुजींचा पहिला प्रश्न अर्थातच तो होता. "पूर्ण बंद कधी होतील?" यकृत हा बदलीच्या अवयवांत सगळ्यात सोशिक, काही माणसांत ते खरोखर गोळीविना टिकतं. पण निवडून घेतलेल्या रुग्णांतही अशी माणसं थोडीच, आणि कोण टिकेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी आमच्या हातात नाही. मी म्हणालो, "बंदचा विषयच नाही. किडनी वाचेल इतपत उतरवायचं आणि थांबायचं." ते जरा हिरमुसले. मग वहीत तारीख घालून माझं वाक्य लिहून घेतलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुवात. बेत साधा: दर सहा आठवड्यांनी एक पायरी, दर पंधरा दिवसांनी एसजीपीटी-बिलिरुबिन, पायरी उतरल्यावर लेव्हल. मायकोफेनोलेटला इतक्यात हात नाही, कारण ते किडनीला त्रास देत नाही आणि टॅक्रोलिमस उतरताना आधार तेवढाच. पहिली पायरी, सकाळी २ रात्री १. लेव्हल ५.२. दुसरी, सकाळी १ रात्री १. लेव्हल ३.९, क्रिएटिनिन १.४, एसजीपीटी ३३. थरथर कमी झाली. एवढ्यावर थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण आकडे छान होते, गुरुजी खूश होते, आणि मला वाटलं अजून एक पायरी. पुण्याचे डॉक्टरही हो म्हणाले, पण कुरकुरत. जानेवारी २०२३ च्या मध्याला चिठ्ठी लिहिली: सकाळी १, रात्री अर्धा.

पंधरा दिवसांनी एसजीपीटी ३४. पाचव्या आठवड्यात १४२.

ताप नाही, कावीळ नाही, भूक नीट. अशा वेळी शंका ओळीने उभ्या राहतात. विषाणू परतला? डीएनए तपासायला पाठवला. पित्तनलिका अरुंद झाली? जिवंत दात्याच्या यकृतात हे पुष्कळदा होतं. पण सोनोग्राफीत नलिका फुगलेली नव्हती, धमनीचा डॉपलर चांगला. काही काढा-बिढा? गुळवेलीबद्दल मी मुद्दाम विचारतो. कोविडच्या काळात घरोघरी ती उकळली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी तिच्यामुळे यकृताला ऑटोइम्यूनसारखी सूज आलेले रुग्ण नोंदवले आहेत. प्रतिकारशक्ती वाढवणारं जे जे म्हणून विकलं जातं ते या माणसांच्या कामाचं नाही. गुरुजी म्हणाले, काढा नाही, पपनस नाही, शेजाऱ्याच्या मळ्यातली मोसंबी तेवढी कधीमधी. मोसंबीला औषधाच्या दृष्टीने माझी हरकत नव्हती. टॅक्रोलिमसने पोटॅशियम वर सरकतं म्हणून रोज ग्लासभर रस नको, एवढंच.

मग लेव्हल आली. १.६.

अर्धा मिलिग्रॅम कमी केल्याने ३.९ वरून १.६ होत नाही. मी फोन करून काकूंना विचारलं, डब्यातल्या रात्रीच्या वाटीत काय काय आहे ते सांगा. त्यांनी एकेक नाव अक्षर लावून वाचलं. मायकोफेनोलेट होतं, टेनोफोविर होतं, बीपीची होती. टॅक्रोलिमस नव्हतं.

घडलं ते असं. आजवर त्यांना एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल लागत होत्या. दोन असो की एक, पट्टी तीच. अर्ध्यासाठी अर्धा मिलिग्रॅमची वेगळी कॅप्सूल लागते, ती फोडून निम्मी करता येत नाही. जिंतुरात ती नव्हती. परभणीतल्या मेडिकलवाल्याने सांगितलं, मागवतो, छत्रपती संभाजीनगरहून येईल, आठ-दहा दिवस. गुरुजी सकाळची गोळी नेमाने घेत राहिले. रात्रीच्या वाटीत टॅक्रोलिमसची जागा रिकामी राहिली. दहा दिवसांनी फोन करायचं राहून गेलं, तूर घरात येत होती, आणि तब्येत उत्तम. "मला वाटलं, कमीच करायचंय नं, मग हे त्याच्यातच बसतंय," ते म्हणाले. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. त्याने गणितच केलं होतं. दिवसाला दीडच्या जागी एक, फार तर काय! पण ही साधी कॅप्सूल बारा तासांच्या हिशोबाची असते. सकाळी एकदाच घेतली की रात्र सरता सरता रक्तात फारसं उरत नाही.

आणि मी? पंधराव्या दिवशीचा ३४ पाहून लेव्हल तपासायचं पुढे ढकललं होतं. नमुना पुण्याला जातो, खर्च आहे, पुढच्या वेळी करू म्हटलं. एसजीपीटी हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे, हे मला माहीत असून.

डीएनए निगेटिव्ह आला. विषाणू परतला नव्हता, म्हणजे काविळीची गोळी नीट चालू होती. या सगळ्यात तेवढी एक गोळी कधी चुकली नव्हती. रात्रीच्या रेल्वेने गुरुजी पुण्याला गेले, सुईने यकृताचा तुकडा काढून तपासला. रिजेक्शन, सौम्य. नऊच्या मोजपट्टीवर तीन. मोठ्या स्टेरॉइडची गरज पडली नाही. टॅक्रोलिमस सकाळी १ रात्री १ वर परत नेलं, काही आठवडे थोडं वर ठेवलं. मार्चअखेर एसजीपीटी ५८, एप्रिलमध्ये ३०.

पुण्याच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मला बोलणी खायची तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, "चिठ्ठी लिहिली तेव्हा अर्ध्याची कॅप्सूल तुमच्याकडे मिळते का, हे माहीत होतं?" नव्हतं. मला वाटलं होतं, औषध लिहिलं की मिळतं. पुण्यात मिळतंही.

त्यानंतर गुरुजी त्याच डोसवर आहेत. लेव्हल चारच्या आसपास, क्रिएटिनिन १.४, मागे १.३ पण आलं होतं. रक्त द्यायला येताना सकाळची गोळी खिशात असते, कागदात गुंडाळून. सुई निघाली की लॅबच्या बाकावर बसून घेतात. जुलाब लागले की गावातल्या डॉक्टरांकडे जाण्याआधी मला फोन करतात, आणि त्या डॉक्टरांनाही मी एकदा भेटून आलो. भला माणूस, आता वेदनेला पॅरासिटामॉल देतो. मेडिकलवाल्याकडे एक वही आहे, तिच्यात जिल्ह्यातल्या अशा पाच-सहा रुग्णांची औषधं मिलिग्रॅमसकट लिहिलेली.

गेल्या महिन्यात गुरुजींच्या पांढऱ्या पेशी जरा खाली गेल्या, ३४००. नागीण एकदा होऊन गेलेली. पुण्याशी बोलून ठरलं की आता या पेशी खाली आणणारं मायकोफेनोलेट उतरवायचं, रात्रीचं ५०० चं २५०. गुरुजी समोर बसले होते, वही उघडून. मी पेन बाजूला ठेवून मेडिकलवाल्याला फोन लावला.

"मायकोफेनोलेट अडीचशे आहे का?"

"पाचशेच आहे साहेब. अडीचशे परवा येईल."

"आलं की फोन करा," म्हटलं, "चिठ्ठी तेव्हा लिहितो."